डावी बाजू माझ्याकडे

२० ऑगस्ट १९८६, बुधवार. सकाळी ७.२०

अर्धं तवसं किसून झालं तेव्हा बोटही किसलं गेलं. उजव्या हाताचं मधलं. चिंधी गुंडाळून लिहितो आहे. अक्षर वाईट, विचार स्वच्छ. उरलेली अर्धी काकडी ताटात पडली आहे. किसणीला नको इतकी धार आहे.

हे मी का करतो आहे, याची नोंद असावी.

काल नारळी पौर्णिमेला भागोजी जेवायला होता. भागोजी हा आमच्या शाळेतला पी.टी.चा मास्तर. शेजारच्या बिऱ्हाडात राहतो. शिट्टी वाजवतो आणि त्यालाच शिक्षण म्हणतो. नारळीभात राहिला बाजूला, याने तवशाच्या कोशिंबिरीचं कौतुक लावलं. वहिनी, काय कोशिंबीर झालीय! तीनदा मागून घेतली. मला राहवलं नाही. तीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या माणसाने चुकीच्या जागी पडलेलं कौतुक ऐकून घेऊ नये. मी म्हटलं, भागोजी, भात, आमटी, भाजी हा ग्रंथ. पानाची डावी बाजू म्हणजे तळटिपा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. किसलं, कालवलं, वाढलं. यात निर्मिती कुठे आहे?

वाक्य चांगलं होतं. भागोजी हसला नाही. मथुराही काही बोलली नाही. माझी बायको एरवीही फार बोलत नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी जेवायला बसलो तर ताटाची डावी बाजू रिकामी. मीठसुद्धा नाही. विचारलं. म्हणाली, मी ग्रंथ केलाय. तळटिपा तुम्ही घाला.

बरं. घालतो.

सकाळी १०.४०

कोशिंबीर झाली. मीठ साडेसातलाच घातलं होतं, मुरायला वेळ मिळावा म्हणून. दहापर्यंत पातेल्यात काकडी खाली आणि पाणी वर असं झालं. वासंती म्हणाली, बाबा, मीठ शेवटी घालायचं. पान मांडल्यावर. ही आमची मुलगी. तेवीस पूर्ण, बालवाडीत शिकवते. चार वर्षांच्या मुलांत राहून माणूस सूचना द्यायला शिकतो. मी तिला समजावलं की याला पाणी म्हणत नाहीत. याला रस म्हणतात, आणि रस हा काव्याचा आत्मा आहे.

तिने चमचा मागितला.

२१ ऑगस्ट, गुरुवार

निश्चय. पंधरा दिवसांत डावी बाजू पूर्ण हस्तगत करायची. त्यानंतर एका दिवाळी अंकासाठी लेख: ‘डावी बाजू: एक पुनर्विचार’. या विषयावर आजवर कुणी गंभीरपणे लिहिलेलं नाही. बायकांनी पाककृती लिहिल्या आहेत. पाककृती म्हणजे विचार नव्हे.

पद्धत ठरवली. मीठ आधी. करताना चाखायचं नाही. मी निबंध लिहून झाल्यावर पुन्हा वाचत नाही, तो स्वतःवरचा अविश्वास आहे. आणि मथुराला काही विचारायचं नाही. तिनेही न विचारता सांगायचं नाही. हे तिला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, बरं.

आज काकडी जास्त. रसही जास्त.

२४ ऑगस्ट, रविवार

चटणी. सुट्टी असल्याने पाटा-वरवंटा घेऊन बसलो. मिक्सर घरात आहे, पण मिक्सर म्हणजे गाइड वाचून पास होणं. नारळ स्वतः खवला. पाऊण तास लागला. मांडीला गोळा आला. चटणीचा रंग थोडा तपकिरी झाला, कारण मी नारळ अर्धवट टाकून देणाऱ्यांतला नाही. करवंटी लागेपर्यंत खवतो.

भागोजीला घास दिला. त्याच्या तोंडात कटकन वाजलं. म्हणाला, सर, करवंटी आलीय. त्याचे दात मुळात वाईट आहेत. वर विचारलं, चाखून नाही का बघितलीत? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, तवसंसुद्धा देठाकडून चाखून घ्यायचं बरं का, एखादं कडू निघतं. ज्याची सगळी भाषा सावधान-विश्राम एवढीच आहे, तो मला चव शिकवतो.

दुपारी ताटाचा नकाशा तयार केला. फुलस्केपवर, पट्टीने. मीठ कुठे, लिंबू कुठे, चटणी, कोशिंबीर, लोणचं. सगळं डावीकडे. मग टेबलासमोर उभा राहून तीन ताटं नकाशाबरहुकूम वाढली. मथुरा बघत होती. म्हणाली, अहो, ते ताट...

मी हात वर केला. न विचारता सांगायचं नाही असं ठरलंय.

ती आत गेली. वासंती जेवायला बसली आणि बसल्याबसल्या ताट गर्रकन फिरवून घेतलं. मथुरानेही फिरवलं. मी माझं तसंच ठेवलं. चटणी घेताना हात भातावर आपटत होता, पण नवीन व्यवस्थेची सवय व्हायला वेळ लागतोच.

२७ ऑगस्ट, बुधवार

महत्त्वाची घटना. भागोजीने वासंतीसाठी स्थळ आणलं होतं, त्यांचं पत्र आलं. लांज्याच्या पुढचं गाव. मुलगा जयवंत, मुंबईला गोदीत ड्राफ्ट्समन. वासंतीने त्याला मेमध्ये मैत्रिणीच्या लग्नात पाहिलं होतं, असं मथुरा म्हणते. पंक्तीत वाढत होता म्हणे. पत्र आलं का, हे वासंती गेल्या आठवड्यात पोस्टमनला दोनदा विचारून आली. मला वाटलं, मासिकाची वाट बघतेय.

मुलाची आई तो लहान असताना गेली. आत्याने वाढवला. चिमाआत्या. वडील आप्पा नुसती मान हलवतात, आत्या बोलते. पत्र आत्याने सांगून लिहून घेतलेलं दिसतं. विरामचिन्ह एकही नाही. गौरी-गणपती गेले की चौदा तारखेला रविवारी येतो जेवायला साधं करा मुलीच्या हातचं करा बाजारचं काही नको पितृपंधरवड्याच्या आधी हो की नाही कळवू.

भागोजी म्हणाला, आत्या तशी बरी आहे, पण जिभेला तिखट. मागची मुलगी तिने आमटीवरून नाकारली. गूळ पडला होता जास्त.

अशा माणसांच्या हातात आपल्याकडे निवाडा असतो. असो. डावी बाजू माझ्याकडे आहे, तेव्हा त्या बाजूने काळजी नाही.

वासंतीने पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून स्वतःजवळ ठेवलं. पत्र माझ्या नावाचं होतं.

३० ऑगस्ट, शनिवार

शाळा अर्धा दिवस. विषयाचा विस्तार म्हणून लाल भोपळ्याचं भरीत केलं. फोडणी देताना मोहरी तडतडली की नाही याचा विचार करत होतो. विचार पूर्ण झाला तेव्हा घरात धूर होता. भरिताला एक धूम्रगंध आला. मथुरा खिडक्या उघडत होती. वासंती खोकत होती. दोघींनी भरीत घेतलं नाही. प्रायोगिक गोष्टींना घरात प्रेक्षक मिळत नाही, हा जुना अनुभव.

मी सगळं संपवलं. पोट दुखतं आहे. हवा दमट आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

वासंती दाराशी येऊन उभी राहिली. मी पेपर तपासत होतो. बाबा, चौदा तारखेला डावी बाजू मी करते.

मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, ते मुलीच्या हातचं खायला येणार आहेत.

मी समजावलं की भाजी, आमटी, पुरण हे सगळं तिच्या हातचंच असणार आहे. तळटीप कुणी घातली हे वाचक विचारत नाही.

ती म्हणाली, त्या विचारतील. बाबा, ते मला बघायला येणार आहेत. तुम्हाला नाही.

मी म्हटलं, म्हणूनच. अशा दिवशी कच्चा हात नको.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कांद्याचं. कांदे अजून टोपलीत होते, पण पावसाळ्यात वास घरभर राहतो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शिक्षकदिन. स्टाफरूमसाठी डबाभर कोशिंबीर नेली. हेतू असा की चार सुशिक्षित माणसांचा अभिप्राय मिळावा. डबा पिशवीत आडवा झाला. रस आठवी ‘ब’च्या चाचणीच्या पेपरांत गेला. ‘माझा आवडता ऋतू’ हे एकोणीस निबंध वाचण्याच्या पलीकडे गेले. वर्गाचं नुकसान नाही. सगळ्यांनी पावसाळाच लिहिला होता.

कुणी खाल्ली नाही. इतिहासाचे सर म्हणाले, सर, हे ताक आहे का? भागोजीने मला बाजूला घेतलं. म्हणाला, सर, रागावू नका, मीठ शेवटी घाला हो. काकडी पाणी सोडते. मी विचारलं, तुला कसं माहीत? म्हणाला, बायको माहेरी गेली की मीच करतो.

ते त्याने अभिमानाने सांगितलं. काही माणसांना लपवावं काय हेही कळत नाही.

७ सप्टेंबर, रविवार. गणेश चतुर्थी

नैवेद्याच्या पानाची डावी बाजू मी वाढतो म्हटलं. मथुराने पान माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणाली, देवाला नको. तो बिचारा बोलू शकत नाही.

आजच्या दिवशी मी वाद घातला नाही. मोदक चांगले होते. मोदक हा मुख्य ग्रंथाचा भाग.

१० सप्टेंबर, बुधवार

आज मथुरा समोर येऊन बसली. हात पुसत. म्हणाली, अहो, झालं ते झालं. मी आजपासून सगळं वाढते. कोशिंबीर, चटणी, सगळं. तुम्ही त्या दिवशी फक्त पाहुण्यांशी बोला. पोरीला तो मुलगा आवडलाय.

सव्वीस वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितल्याचं आठवत नाही. मी विचारात पडलो. पाच मिनिटांत कारण सापडलं. तिला धास्ती आहे की त्या दिवशी माझ्या डाव्या बाजूमुळे तिच्या उजव्या बाजूकडे कुणाचं लक्ष जाणार नाही.

मी म्हटलं, मथुरा, तुझ्या भाजीला काही धोका नाही.

ती उठली. म्हणाली, पानं किती मांडायची? पाच ना?

मी म्हटलं, पाच. आप्पा, आत्या, जयवंत, भागोजी आणि मी.

शरणागती इतक्या साध्या प्रश्नात असते.

१३ सप्टेंबर, शनिवार

बाजारात स्वतः जाऊन तवशी आणली. हौसा भाजीवाली म्हणाली, मास्तर, वयनी नाय आल्या? मी सांगितलं, उद्या मी करणार आहे. तिने वेगळी काढून ठेवलेली तीन तवशी टोपलीत परत ठेवली आणि म्हणाली, मग वयनीनाच लावून द्या, निवडून देतय. मी तिच्याकडून घेतली नाहीत. पुढच्या बाईकडून घेतली. आकाराने मोठी आणि रंगाने एकसारखी. हौसाला ग्राहक कळत नाही.

नारळ फोडला. लिंबं चिरून बघितली. नकाशाची स्वच्छ प्रत काढून स्वयंपाकघराच्या दाराला लावली. वासंतीने ती पाहिली, मान कलती करून पुन्हा पाहिली. मग कामाला लागली. शिस्तीचा परिणाम व्हायला लागला आहे.

लेखाचं पहिलं वाक्य सुचलं: ‘पानाला डावी बाजू असते, हे आपण जेवताना विसरतो.’ उत्कृष्ट.

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी ८.१५

तवशी किसली. दही, हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट. मीठ घातलं. चार तास मुरेल. आजपर्यंतचा सर्वांत मोठा अवकाश. तीन बोटांना पट्ट्या आहेत, चौथं शाबूत. चाखलं नाही.

मथुरा एक तवसं घेऊन पलीकडे विळीवर बारीक चोचवत बसली होती. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, आम्हा दोघींना मागाहून.

दुपारी १२.१०

केळीची पानं मथुराने मांडली. शेंडा जिकडे हवा तिकडे. हा भाग तिला येतो. त्या दोघी आत पुरणपोळ्या करत होत्या. मी पाटांच्या समोर उभा राहून, वाकून, पाचही पानं वाढली. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. लोणचं मथुराचं, पण बरणी मी उघडली. मागे सरून पाहिलं. सगळं डावीकडे, एका ओळीत, पाच पानं. वृत्तात बसल्यासारखं.

पाहुणे आले आहेत. पडवीत पाय धुताहेत. आत्या लहानखुरी आहे, नऊवारी, आवाज मोठा. आप्पांनी मला नमस्कार केला आणि नंतर मान हलवतच राहिले. मुलगा उंच आहे. वासंती पाणी द्यायला आली तेव्हा तांब्या त्याने दोन्ही हातांनी घेतला. ड्राफ्ट्समनला एवढं कळतं हे बरं.

जेवायला बसतो आहोत.

संध्याकाळी ५.४०

क्रमाने लिहितो. टाळलं तर उद्या वेगळं आठवेल.

मंडळी पाटांवर बसली. मीही बसलो. बसल्यावर माझ्या पानाकडे पाहिलं. मीठ उजवीकडे. लिंबू उजवीकडे. चटणी, कोशिंबीर, लोणचं, सगळं उजव्या हाताशी दाटीने. डावी बाजू मोकळी, धुतलेली, हिरवीगार. मी भागोजीच्या पानाकडे पाहिलं. तसंच. आप्पांचं तसंच. क्षणभर वाटलं, पानं कुणी फिरवली. मग लक्षात आलं की मी समोरून वाढत होतो. माझी डावी म्हणजे त्यांची उजवी.

ताट फिरवता येतं. मांडलेलं पान फिरवता येत नाही.

मथुरा भाजी घेऊन आली. वाकली. भाजी वाढायची त्या जागी माझी कोशिंबीर होती. डाव तसाच हातात धरून ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. थोडी जागा शोधून तिने भाजी चटणीला चिकटून वाढली. भात वाढला. कोशिंबिरीचा रस भाताखाली गेला, तिथून पुरणपोळीला लागला, तिथून पानाच्या कडेला आला. आप्पांनी धोतर आवरून घेतलं. मान हलवली.

आत्याने पहिल्यांदा कोशिंबीरच घेतली. तोंडात घातली. थांबली. गिळली. पाणी प्यायली. पुन्हा प्यायली. जयवंतने घेतली आणि तो खाली बघत चावत राहिला. भागोजीने माझ्याकडे बघून ओठांनी नुसतं म्हटलं: कडू. मी घास घेतला. कडू होती. फार कडू होती.

आत्या म्हणाली, कोशिंबीर कुणी केलीन?

 वासंती पोळीचं ताट घेऊन दारात उभी होती.

मी बोलणार होतो. वाक्य तयार होतं. ‘ही कोशिंबीर मी केली’ म्हणावं, की ‘या कोशिंबिरीमागे एक विचार आहे’ असं सुरू करावं, हे ठरत नव्हतं. कर्ता आधी यावा की कर्म, एवढाच प्रश्न होता. तेवढ्यात वासंती म्हणाली, मी.

प्रथमपुरुषी एकवचन. मलाही तेच म्हणायचं होतं.

मी भातात आमटी कालवली. चांगली कालवली.

आत्या म्हणाली, आणि पान गो? पान कुणी वाढलंन?

वासंती म्हणाली, मीच.

आत्याने मिठाच्या ढिगावर बोट ठेवलं. म्हणाली, इकडं ये. हे मीठ खय आहे? कुठल्या अंगाला? पोरी, पाच वरसांची पोर असली तरी तिचा हात असा पडायचा नाय. जेवणाऱ्याची डावी धरायची, आपली नाय, हे बायकांना कुणी शिकवावं लागत नाय. हे बाप्यानं वाढलंन. जल्मात पयल्यांदा वाढलंन.

मग तिने पंगतीवरून नजर फिरवली. घरात पुरुष एक. ती नजर माझ्या हाताशी थांबली.

मास्तर, बोटांना काय झालं?

मी म्हटलं, खडू.

हे मी का म्हटलं ते माहीत नाही. जयवंतला ठसका लागला. भागोजी हसायला लागला, मग आप्पा. आप्पांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. हसताना ते भागोजीच्या मांडीवर थापा मारत होते आणि म्हणत होते, खडू! खडूनं! आत्या हसली नाही. म्हणाली, तिन्ही बोटांना? कसलं शिकवता हो तुमी?

दारात वासंती हसत होती. तोंडावर पदर. खूप दिवसांनी.

मथुरा आत गेली. एक पातेलं घेऊन आली. चोचवलेली काकडी, दही, कूट, वरून तुपाची फोडणी. सगळं असून त्यात एक गोष्ट नव्हती. तिने मिठाची वाटी घेतली, सगळ्यांच्या समोर चिमूट घातली, डावाने एकदा हलवलं आणि वाढलं. पाचही पानांवर. समोर उभी राहून, न बघता, बरोबर डावीकडे. काकडीने पाणी सोडलं नाही. तेवढा वेळच तिला मिळाला नाही.

भागोजीने तीनदा मागून घेतली. आत्याने चारदा.

तोडग्याची तयारी मथुराने सकाळीच केली होती. ‘आम्हा दोघींना मागाहून.’ हे मी ऐकलं होतं. लिहूनही ठेवलं होतं.

निघताना आत्याने वासंतीला जवळ घेतलं. माझ्यासमोरच म्हणाली, बापासाठी खोटं बोललीस. एक डाव चाललं. आमच्याकडं कुणी असली कोशिंबीर केलीन तर तोंडावर सांगायचं, अगदी मी केली तरी. सांगशील ना? वासंती म्हणाली, सांगेन. आत्या म्हणाली, मग ये. साखरपुडा दसऱ्याला धरू.

आप्पा मला म्हणाले, येतो हां, खडूमास्तर.

हे नाव आता राहणार. भागोजीमुळे उद्या शाळेतही जाईल.

सगळे गेल्यावर वासंतीला विचारलं, तू ‘मी’ का म्हणालीस? ती पाट उचलत होती. म्हणाली, तुम्ही म्हणत नव्हतात, बाबा.

नकाशा दारावरून काढला. लेखाचं पहिलं वाक्य पुन्हा वाचलं. आपण जेवताना विसरतो, असं त्यात लिहिलं आहे. ‘आपण’ म्हणजे कोण, ते लिहिलेलं नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी लवकर उठलो. वासंती विळीवर तवसं चोचवत होती. देठाकडचा तुकडा कापून तिने माझ्यापुढे धरला. चाखला. गोड होता. तिने दही घातलं, कूट घातलं. मी मिठाची वाटी उचलली. ती म्हणाली, आत्ता नको, बाबा. पान मांडल्यावर.

दहापर्यंत वाटी धरून उभा होतो.